धुण्याच्या टाकीतलं पाणी बदलायचं कधी?



आजचा विषय आहे कारखान्यात पार्ट धुण्याच्या मशीनमधलं द्रावण आणि त्याची निगा. शॉपफ्लोअरवर त्याला कुणी द्रावण म्हणत नाही. 'पाणी बदललं का?', 'पाणी खराब झालंय', असंच बोलतात. आम्हीही आज बरेचदा पाणीच म्हणू. भोसरी, चाकण, कोल्हापूरची शिरोली, नाशिकचं सातपूर, अशा ठिकाणच्या मशीन शॉपमध्ये 'हे पाणी कधी बदलता?' असं विचारलं, की बहुतेक वेळा दोन उत्तरं मिळतात. एक, 'दर पंधरा दिवसांनी, तक्त्यावर लिहिलंय.' दुसरं, 'वास मारायला लागलं की.' म्हणजे कुठे कॅलेंडर निर्णय घेतं, तर कुठे नाक. हा निर्णय मोजून घेता येतो, आणि त्याला लागणारं सामान शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तेवढंच आहे, हे आज आम्हाला सांगायचंय.

धुण्याला एवढं महत्त्व का?

सीएनसीवरून उतरलेल्या जॉबवर काय काय असतं बघा. कुलंट असतं, कटिंग ऑइल असतं, बारीक चिप्स आणि बर असते, हाताळणाऱ्याच्या बोटांचं तेल असतं. हाच जॉब पुढे पेंटला, प्लेटिंगला, लीक टेस्टला किंवा थेट असेंब्लीला जातो. ब्रेकच्या किंवा हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हमध्ये धातूचा एक बारीक कण अडकला, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. म्हणून वाहन उद्योगात स्वच्छतेचंही मोजमाप आलं. आयएसओ १६२३२ हे मानक २००७ मध्ये पहिल्यांदा निघालं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. पद्धत साधी आहे. जॉब स्वच्छ द्रवाने धुवायचा, तो द्रव बारीक गाळणीच्या कागदातून गाळायचा, कागदावर किती मिलिग्रॅम मळ राहिला ते तोलायचं आणि सगळ्यात मोठा कण किती मायक्रॉनचा ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

मग गंमत अशी होते, की लाखो रुपयांच्या मशीनवर मायक्रॉनमध्ये जपलेला जॉब शेवटी ज्या टाकीत जातो, तिच्यात काय आहे हे कुणाला माहीत नसतं.

याला एक इतिहास आहे. पूर्वी रॉकेलच्या ट्रेमध्ये ब्रश मारून पार्ट धुवायचे. छोट्या वर्कशॉपमध्ये आजही धुतात. त्यात आगीची भीती आणि कातडीचे हाल. मोठ्या कारखान्यांत ट्रायक्लोरोएथिलीनसारख्या सॉल्व्हंटची वाफ वापरायचे. तिथे एक सोय आपोआप होती. हे सॉल्व्हंट ८७ अंश सेल्सिअसला उकळतं. खाली उकळायचं, त्याची वाफ थंड जॉबवर जमायची, आणि तेल घेऊन खाली ओघळायची. तेल खालीच राहायचं आणि वर येणारी वाफ प्रत्येक वेळी शुद्ध. म्हणजे ते सॉल्व्हंट स्वतःच स्वतःला ऊर्ध्वपातनाने स्वच्छ करायचं.

पुढे १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराने ओझोनच्या थराला मारक असणारी सीएफसी-११३ सारखी सॉल्व्हंट हळूहळू बंद केली. ट्रायक्लोरोएथिलीन त्या करारात नव्हतं, पण त्याने माणसाला कर्करोग होतो असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ठरवलं. आज बहुतेक ठिकाणी पाण्यात केमिकल मिसळून गरम फवाऱ्याने धुतात. कामगाराच्या फुप्फुसांसाठी हे चांगलं झालं. पण पाणी स्वतःला स्वच्छ करत नाही. सॉल्व्हंट जे काम आपोआप करत होतं, ते आता आपल्याला हाताने करावं लागतं. पार्ट वॉशरची निगा म्हणजे नेमकं हेच काम.

टाकीत असतं तरी काय?

उदाहरण म्हणून ५०० लिटरची टाकी घेऊ. तीन टक्के केमिकल, म्हणजे १५ किलो. तापमान ६० अंश. लोखंडी आणि स्टीलचे जॉब, वरून फवारा.

त्या १५ किलोत मुख्यतः तीन प्रकारचे घटक असतात. पहिला अल्कली. आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या, त्या राखेत जे काम करायचं तेच हे. दुसरा सर्फॅक्टंट. याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि तेलाला जॉबवरून उचलतो. रिठा आणि शिकेकाई याच जातीचे. तिसरा गंजरोधक, म्हणजे धुतलेला जॉब सुकेपर्यंत लाल पडू नये म्हणून.

पण धुणं एकट्या केमिकलने होत नाही. हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये एक वर्तुळ मांडलं. त्याचे चार भाग आहेत: केमिकल, तापमान, वेळ आणि फवाऱ्याचा किंवा घासण्याचा जोर. एक कमी केला तर बाकीच्यांनी भरून काढायचं. घरी कपडे गार पाण्यात धुतले की जास्त चोळावे लागतात, तसंच हे. जॉब नीट धुतला जात नाही म्हटल्यावर पहिला हात केमिकलच्या ड्रमकडे जातो, तो आधी थांबवा. निम्मे नोझल चिपने बुजलेले असतात, किंवा तीन हीटरपैकी एक जळालेला असतो. ते तपासून मगच टाकीकडे वळा.

तापमानाची आणखी एक बाजू आहे. फवाऱ्याच्या मशीनसाठी बनवलेले बरेच सर्फॅक्टंट एका ठरावीक तापमानाच्या वर पाण्यातून थोडे बाहेर पडतात आणि फेस दाबून ठेवतात. पाणी त्याच्यापेक्षा गार असताना पंप चालू केला, तर तेच सर्फॅक्टंट फेस करतात. सकाळी घाईत ३५ अंशांवर मशीन चालू केलं आणि फेस दाराबाहेर आला, तर केमिकलला दोष देऊ नका. पाणी तापेपर्यंत थांबा.

पाणी 'जुनं' होतं म्हणजे काय होतं?

इथे जरा लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पाणी नुसतं वयाने खराब होत नाही. टाकीत तीन वेगवेगळ्या गोष्टी चालू असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली गोष्ट: केमिकल संपतं. अल्कली तेलातल्या आम्लांशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी झगडण्यात खर्च होतं. फवाऱ्यात तर पाण्याचा थेंब न् थेंब हवेला भिडतो. सर्फॅक्टंट तेलाला चिकटून तेलाबरोबर निघून जातो. शिवाय प्रत्येक जॉब आणि प्रत्येक जाळी आपल्याबरोबर थोडं द्रावण बाहेर घेऊन जाते.

दुसरी गोष्ट: मळ येतो. त्यातलं काही तेल वर तरंगतं, काही पाण्यात दुधासारखं मिसळतं, आणि चिप्स तळाशी बसतात.

तिसरी गोष्ट, जिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं: पाणी उडतं, पण त्यातले क्षार उडत नाहीत. ६० अंशांवर आपल्या टाकीतून दिवसाला समजा ४० लिटर पाणी वाफ होऊन जातं. तुम्ही बोअरचं पाणी भरता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. आपण मधला ३०० धरू. ४० लिटर गुणिले ३०० मिलिग्रॅम म्हणजे रोज १२ ग्रॅम क्षार. २६ दिवसांत ३१२ ग्रॅम. यातले काही जॉबबरोबर बाहेर जातात, पण बरेचसे हीटरवर पांढरा थर होऊन बसतात, नोझलची भोकं बारीक करतात आणि जॉबवर डाग ठेवतात. बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल, तर धुतलेला जॉब दुपारपर्यंत लाल पडतो. मग लोक म्हणतात केमिकल खराब आलं. खरं म्हणजे खराब आलेलं असतं पाणी.

आता यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. टाकीची पातळी खाली गेली की आपण भरतो. पण काय भरतो? पाणी वाफ होऊन गेलं असेल तर केमिकल टाकीतच राहिलंय, तेव्हा नुसतं पाणी भरायला हवं. द्रावण जॉबबरोबर बाहेर गेलं असेल तर पाणी आणि केमिकल दोन्ही भरायला हवं. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वेळी होत असतं. ऑपरेटर 'एक बादली पाणी, एक मग केमिकल' हा नियम पाळत राहिला, तर दोन आठवड्यांत ३ टक्क्यांचे ५ झालेले असू शकतात. नुसतं पाणी घालत राहिला, तर दीडही झालेले असू शकतात. दोन्ही वेळा पाणी दिसायला सारखंच. म्हणून मोजायचं.

मोजायचं कसं?

बरेच जण सामू बघण्याची पट्टी बुडवतात. सामू पाहणं चुकीचं नाही, पण त्याच्यावर मात्रा ठरवू नका. या केमिकलमध्ये सामू स्थिर ठेवणारे क्षार घातलेले असतात. मात्रा निम्मी झाली तरी पट्टीचा रंग जवळपास तोच दिसतो.

टायट्रेशन करा. नाव मोठं आहे, काम पाच मिनिटांचं आहे. टाकी चालू असताना मधल्या थरातून नमुना घ्या, वरचा तेलाचा थर नको. खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पिपेटने १० मिलिलिटर फ्लास्कमध्ये घ्या. फिनॉल्फथॅलिनचे तीन थेंब टाका, गुलाबी रंग येईल. ब्युरेटमधून ठरावीक तीव्रतेचं सौम्य आम्ल थेंब थेंब सोडा आणि हलवत राहा. गुलाबी रंग गेला की थांबा आणि किती मिलिलिटर आम्ल लागलं ते लिहा.

हा आकडा टक्क्यांत कसा बदलायचा? केमिकलवाला एक गुणक देतो. पण तो तुम्ही स्वतःही काढा, कारण तुमचं पाणी वेगळं असू शकतं. तुमच्याच पाण्यात ताजं, तोलून केलेलं ३ टक्के द्रावण घ्या, म्हणजे ९७ ग्रॅम पाण्यात ३ ग्रॅम केमिकल. त्याचं टायट्रेशन करा. समजा ९ मिलिलिटर आम्ल लागलं. म्हणजे दर मिलिलिटरला एक तृतीयांश टक्का. उद्या टाकीच्या नमुन्याला ६ मिलिलिटर लागलं, तर मात्रा २ टक्के. कमी पडलेला १ टक्का म्हणजे ५०० लिटरला ५ किलो. अंदाज नाही, वाद नाही. घालताना चष्मा आणि हातमोजे घाला, आणि पावडर असेल तर गरम टाकीत एकदम ओतू नका, उसळतं.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी त्याच फ्लास्कमध्ये पुढे मिथिल ऑरेंज टाकून आम्ल सोडत राहावं. पहिला आकडा म्हणजे अजून कामाला शिल्लक असलेलं अल्कली. दुसऱ्यापर्यंतचा एकूण आकडा म्हणजे शिल्लक अधिक खर्च झालेलं. नव्या पाण्यात या दोन आकड्यांचं गुणोत्तर काय होतं ते लिहून ठेवा. जसजशी टाकी राबते तसतसं एकूण वाढत जातं आणि शिल्लक मागे पडतं. हे गुणोत्तर चढताना दिसलं, की टाकी खरी किती थकली ते कळतं. तारखेवरून ते कळत नाही.

टायट्रेशनची एक मर्यादा ध्यानात ठेवा. ते अल्कली मोजतं, सर्फॅक्टंट मोजत नाही. त्यासाठी जॉबलाच विचारायचं. धुतलेल्या जॉबवर स्वच्छ पाणी सोडा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर जॉब स्वच्छ. पाणी थेंबाथेंबांत फुटलं, कमळाच्या पानावर फुटतं तसं, तर तिथे अजून तेल आहे. फक्त धुण्याचं द्रावण नीट विसळून काढल्यावर ही परीक्षा करा, नाहीतर उरलेला सर्फॅक्टंटच पाणी पसरवेल आणि तुम्ही फसाल.

आणि एक बाटलीची परीक्षा. टाकीतलं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तीन थर दिसतील. वर तेल जमलं असेल तर स्किमरचं काम आहे. तळाशी गाळ असेल तर फिल्टरचं. मधला भाग अजूनही दुधाळ असेल, तर तेल पाण्यात विरघळल्यासारखं मिसळलंय, आणि ते सहज निघणारं नाही.

काढायचं काय आणि कसं?

तरंगणाऱ्या तेलासाठी बेल्टचा किंवा डिस्कचा स्किमर असतो. तो बरेचदा लावलेला असतो आणि बंद असतो. शिफ्ट चालू असताना पंप पाणी घुसळत असतो, तेल वर यायला उसंतच मिळत नाही. म्हणून शिफ्ट संपल्यावर पंप बंद करून पाणी तासभर निवांत राहू द्या, आणि मग स्किमर चालवा. ताक घुसळणं थांबवल्यावर लोणी वर येतं, तोच न्याय. साप्ताहिक सुट्टीनंतर सकाळी पंप चालू करायच्या आधी स्किमर चालवणं, हे आठवड्यातलं सगळ्यात किफायतशीर काम आहे.

चिप्ससाठी बॅग फिल्टर. त्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब बघा. फरक वाढला की बॅग भरली. फरक अचानक शून्यावर आला तर आनंद मानू नका, बॅग फाटलेली असते.

क्षारांसाठी उपाय म्हणजे वाफ होऊन गेलेलं पाणी भरताना आरओचं किंवा डीएम पाणी वापरणं. सगळ्या टाकीला परवडत नसेल तर निदान रोजच्या भरतीला वापरा.

विसळायच्या टाकीतलं पाणी तर फेकूच नका. धुण्याच्या टाकीतून दर तासाला समजा दोन लिटर द्रावण जॉबबरोबर विसळायच्या टाकीत जातं. आठ तासांत १६ लिटर, म्हणजे जवळपास अर्धा किलो केमिकल. आणि धुण्याच्या टाकीला रोज ४० लिटर पाणी हवंच आहे. तेव्हा विसळायच्या टाकीतलं ४० लिटर धुण्याच्या टाकीत घ्या आणि विसळायच्या टाकीत ताजं पाणी भरा. एका हालचालीत केमिकल परत आलं, विसळायचं पाणी स्वच्छ राहिलं आणि गटारात काही गेलं नाही.

शेवटी फेकायचं कधी, आणि कुठे?

मात्रा बरोबर आहे, तापमान बरोबर आहे, नोझल मोकळे आहेत, तेल काढलंय, फिल्टर ठीक आहे, तरीही जॉबवर पाणी फुटतंय किंवा गंज येतोय. बाटलीचा मधला थर दुधाळच राहतोय, गुणोत्तर चढलंय. एवढं सगळं झालं की पाणी बदला. बिनधास्त बदला. आणि बदलताना टाकी रिकामी करून घासा, पाइपलाइनसुद्धा धुवा, नाहीतर जुना गाळ नव्या पाण्याला पहिल्याच दिवशी म्हातारं करतो.

दर बदलाची किंमत मोजून बघा. १५ किलो केमिकल. ५०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला नुसत्या हिशेबाने २० युनिट वीज. अर्धी शिफ्ट. आणि ५०० लिटर सांडपाणी.

या सांडपाण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या मध्ये आणि तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवं, असं आपल्या देशाचं सर्वसाधारण मानक सांगतं. आपल्या टाकीचा सामू ११ च्या पुढे असतो. तेलाचं म्हणाल, तर एक लिटर तेल साधारण ८५० ग्रॅम भरतं. ते १० मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत पातळ करायला ८५ हजार लिटर पाणी लागेल. म्हणून हे पाणी पावसाळी गटारात सोडणं हा 'थोडंसंच तर आहे' म्हणण्यासारखा प्रकार नाही. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलाय. त्यात घरगुती सांडपाण्याचा वाटा आहे आणि कारखान्यांचाही आहे. कुणाचा किती यावर भांडण चालू राहील. आपल्या टाकीचा वाटा शून्य करणं मात्र आपल्या हातात आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात तुमच्या सांडपाण्याची वाट लिहिलेली असते: स्वतःची प्रक्रिया यंत्रणा किंवा सामाईक प्रक्रिया केंद्र. स्किमरचं तेल आणि तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात. ते वेगळ्या ड्रममध्ये, लेबल लावून, अधिकृत ठिकाणीच गेले पाहिजेत. पुणे भागासाठी रांजणगावला असं केंद्र आहे. तुम्ही पाणी महिन्यातून दोनदा फेकत असाल आणि मोजून चालवल्यावर ते दोन महिने टिकलं, तर तेवढं सांडपाणी मुळात तयारच झालं नाही. प्रक्रिया करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*कुलंटसाठी रिफ्रॅक्टोमीटर आहेच. तोच टाकीला चालेल का?*

नव्या पाण्यावर चालेल, जुन्यावर नाही. तो पाण्यात मिसळलेलं सगळंच मोजतो, तेल आणि आत आलेलं कुलंटसुद्धा. पाणी जितकं घाण, तितकं ते 'स्ट्राँग' दाखवणार. म्हणजे जिथे खरी गरज आहे तिथेच चुकीचा दिलासा मिळतो.

*आम्ही कास्ट आयर्न आणि ॲल्युमिनियम एकाच मशीनमध्ये धुतो. ॲल्युमिनियम काळं पडतं.*

तीव्र अल्कली ॲल्युमिनियमला खातं आणि त्यात हायड्रोजन वायू निघतो. तळाशी ॲल्युमिनियमचा चुरा साचलेला असेल, तर बंद टाकीत हे धोक्याचं आहे. दोन्ही धातूंना चालणारं सौम्य केमिकल मिळतं, ते घ्या. त्याच्यासाठी फिनॉल्फथॅलिनची पद्धत चालेलच असं नाही, म्हणून पुरवठादाराकडून त्याची योग्य चाचणी मागून घ्या. तळाचा चुराही रोजच्या रोज काढा.

*आमच्याकडे सोमवारी सकाळी सडक्या अंड्यासारखा वास येतो.*

रविवारभर पाणी कोमट आणि बंद असतं, वर तेलाचं झाकण. खाली हवा पोचत नाही आणि तिथे बिनहवेचे जिवाणू वाढतात. ६० अंशांवर आणि भरपूर अल्कलीत ते सहसा टिकत नाहीत. म्हणजे हा वास सांगतो की मात्रा उतरली आहे, किंवा तुमचं केमिकल सौम्य आहे आणि तापमान कमी. शनिवारी तेल काढा, मात्रा पूर्ण करा, सुट्टीत पाणी अधूनमधून फिरतं ठेवा. ब्लीचिंग ओतू नका, त्यातलं क्लोराइड जॉबला गंज चढवतं.

*केमिकल थोडं जास्तच ठेवलं तर काय बिघडतं? सुरक्षित बाजूला राहायचं म्हणून.*

जास्त केमिकल म्हणजे जॉबवर पांढरा पुट, जास्त फेस, विसळायच्या टाकीवर ताण आणि गटारात जास्त क्षार. आणि त्या मशीनवर दिवसभर ओले जॉब उचलणाऱ्या माणसाच्या हातांचं काय? अल्कली आणि सर्फॅक्टंट जॉबवरचं तेल काढतात, तसंच कातडीतलंही काढतात. हात कोरडे पडतात, भेगा पडतात, पुरळ उठतं. त्यांना हातमोजे द्याच, पण मात्राही ठरलेलीच ठेवा. त्यांच्यासाठी सुरक्षित बाजू तीच आहे.

*हे सगळं रोज कोण लिहिणार? माणसं नाहीत.*

मशीनला एक वही टांगा. पाच रकाने: तापमान, मात्रा, फिल्टरचा दाब, किती पाणी घातलं, किती केमिकल घातलं. टायट्रेशन आठवड्यातून दोनदा पुरे, बाकीचे आकडे रोज. सगळं मिळून दहा मिनिटं. आणि ते लिहिणं मशीनच्या ऑपरेटरकडेच द्या, कारण पाण्याचा रंग, फेस आणि वास तो रोज बघतो. त्याला ब्युरेट वापरायला शिकवा. पंधरा दिवसांत तोच तुम्हाला सांगायला लागेल, 'साहेब, पाणी अजून चांगलं आहे, बदलू नका.' तो जेव्हा असं म्हणेल, तेव्हा वहीतले आकडे बघा आणि त्याचं ऐका.